सुगडातली शेवंती

हरणाबाईनं सुगडं फोडली नाहीत, याचंच मला त्या दिवशी नवल वाटलं.

संक्रांतीची दुपार होती. ती देवळातून आली तेव्हा ताटातली पाचही सुगडं सकाळी नेली तशी भरलेली होती. आमच्या गावात असं कधी होत नाही. बायका घरून सुगडं भरून नेतात, त्यात बोरं, गाजरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडकी, गव्हाची ओंबी असते. गावदेवीच्या देवळात सवाष्ण सवाष्णीला कुंकू लावते आणि सुगड तिच्या पदरात रिकामं करते. याला ववसा म्हणतात. येताना प्रत्येकीची ओटी दुसऱ्यांच्या ववशानं भरलेली असते. भरलं ताट घेऊन परत येणं म्हणजे तुझ्या हातचं कुणीच घेतलं नाही, असा अर्थ.

तिच्या परड्यात आणि आमच्या परड्यात कमरेएवढी दगडी भिंत. मी बाळंतपणामुळे देवळात गेले नव्हते; बाळाचे लंगोट वाळत घालायला मागं आले होते. हरणाबाईनं ताट खाली ठेवलं. शेवंतीच्या वाफ्याकडेला खुरप्यानं खड्डा काढला, बोरं, घाटे, कांडकी सगळं त्यात ओतलं आणि वर माती ओढली. मग रिकामी सुगडं धुऊन भिंतीवर पालथी घातली. एकाला ताटातच चीर गेली होती. तिनं ते सुतळीनं गच्च आवळलं.

“मास्तरीणबाई, घरात बारका खिळा हाय का?” तिनं विचारलं.

“कशाला?”

“बुडाला भोकं पाडायची. रोप लावलं तर पानी निचराया नगो?”

तिचा आवाज एवढा साधा होता की मला वाटलं, काही झालंच नाही. देवळात काय झालं ते मला संध्याकाळपर्यंत चौघींनी चार तऱ्हांनी सांगितलं.

त्याच्या महिनाभर आधी, चव्वेचाळीसच्या मार्गशीर्षात, तिच्या नवऱ्याची तार आली होती. नाथाजी पलटणीत होता, इटलीत. तार इंग्रजीत, माझे यजमान शाळेत, म्हणून ती वाचायला मलाच बोलावलं. नाथाजी लढाईत बेपत्ता झाला आहे, एवढंच तीत होतं. मी सांगितलं तेव्हा हरणाबाई परातीत पीठ मळत होती.

“मेला आसं लिवलंय?”

“नाही. सापडत नाही, असं लिहिलंय.”

“मग झालं,” ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. भाकरी नेहमीसारखीच गोल झाली. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते, हे तिला तिच्या आजीनं सांगितलेलं होतं. तिनं बांगड्या ठेवल्या, कुंकू ठेवलं, आणि रोज सकाळी ते आधीपेक्षा मोठं लावू लागली.

हे सुलाबाईला सोसवेना. सुलाबाई तिची धाकटी जाऊ, नाथाजीच्या भावाची, दादासोची बायको; चुली वेगळ्या, पण घर एकच, दोघींची मागची दारं आणि परडी लागून. बाई हसरी, हाताला चव असलेली, घरातल्या दुधापासून दिव्याच्या वातीपर्यंत सगळ्यावर नजर ठेवणारी. लेकरं तिला झाली, घर तिनं ओढलं, पण गौरी आल्या तरी पहिलं कुंकू हरणाबाईचं आणि नागपंचमीला वारुळावर पहिलं दूध हरणाबाईचं. का, तर ती थोरली. हरणाबाईला मूलबाळ नाही. सुलाबाईचाच थोरला मुलगा जोतिबा तिनं अंगाखांद्यावर वाढवलेला. वर्षानुवर्षं दुसरी राहायचं म्हणजे काय, ते सुलाबाईलाच ठाऊक. ती तार आली आणि तिला वाटलं, आता थोरलेपण आपल्या दारात आलं.

त्या संक्रांतीला देवळात हरणाबाईनं रिवाजाप्रमाणे घरातल्या जावेला पहिला ववसा द्यायला म्हणून करंड्यात बोट बुडवलं, तेव्हा सुलाबाई एक पाऊल मागं सरली आणि तिनं पदर छातीशी धरला.

“आक्का, राग मानू नगा,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “पर आता तुमचं बोट सवाष्णीच्या कपाळाला लागू नये. लेकुरवाळ्या बायका हायती हितं.”

मग दुसरीनं पदर आवरला, तिसरीनं आवरला. भावकीतली सगळ्यात म्हातारी अंबूबाई फरशीकडं बघत राहिली. हरणाबाई एकेकीपुढं जाऊन उभी राहिली, सगळ्यांपुढं, एकीलाही न गाळता. कुणी घेतलं नाही. तिनं करंडा मिटला आणि ताट उचललं.

“सुगडं फोडायची तरी,” मी दुसऱ्या दिवशी भिंतीवरून म्हणाले. मला तिच्याऐवजी राग आला होता.

“फोडून काय करू? फुटलं की संपलं.” तिनं खिळा सुगडाच्या बुडावर धरून दगडानं हलकेच ठोकला. “फुडल्या संक्रांतीला तिनं ह्याच सुगडातनं माझा ववसा घ्याचा. समद्यांम्होरं. आन् तोंडानं मागून घ्याचा. ती द्या म्हनंस्तवर मी तिला सोडत न्हाई.”

“आणि नाहीच घेतला तर?”

“घील की. फुटवा लावला तर फूल हुईस्तवर थांबावं लागतंयच.”

तिची शेवंती गावात नावाजलेली होती. हिवाळ्यात, सगळीकडं नुसता ज्वारीचा कडबा आणि धूळ असताना, तिच्या परड्यात पिवळा गालिचा अंथरलेला असे. आमची माती काळी, चिकट. पावसाळ्यात पाणी धरते आणि शेवंतीची मुळं कुजतात. म्हणून तिनं येरळा नदीची वाळू टोपल्यानं आणून वाफा वीतभर उंच केला होता. फुलं सरली की माघात जुनी झाडं जमिनीसरशी कापायची. बुडातून फुटवे येतात, ते उन्हाळाभर भिंतीच्या सावलीत जगवायचे. भांडी धुतलेलं पाणी त्यांनाच. पाऊस पडला की एकेक वेगळा करून लावायचा. त्या वर्षी पाच फुटवे तिनं सुगडांत लावले आणि ती सुगडं भिंतीवर ओळीनं मांडली, सुलाबाईच्या मागच्या दारातून समोर दिसतील अशी.

सुलाबाईनं पाहिलंच. “आक्का, चिमण्यांचं लगीन लावताय का काय, बोळकी मांडून?”

“व्हय गं. लगीनच लावायचंय,” हरणाबाई म्हणाली.

रोज तिन्हीसांजेला पाणी घालताना ती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायची. मला वाटायचं, ओव्या असतील. एकदा मी लसूण निवडत भिंतीला टेकून बसले होते तेव्हा नीट ऐकू आलं. ती सुगडांना नावं घेऊन पाणी घालत होती. “ही अंबूबाई. खाली बघ, तशीच खाली बघ. ही लीलाबाई, दोन बाळंतपणं केली तुझी, तवा माझं बोट चाललं.” अशी चार झाली. पाचवं, सुतळी बांधलेलं, आलं की तिचा आवाज आणखी खाली जाई. “आन् ही सुला. हिला जादा पानी. हिचं फूल मोठं आलं पायजे.”

मी लसणाचं सूप उचलून आत गेले. हसू की घाबरू, मला कळेना.

आषाढात एका सकाळी तिच्या परड्याचं कवाड सताड उघडं आणि आत सुलाबाईच्या शेळ्या. मी ओरडेपर्यंत त्यांनी सगळ्या वाफ्याचे शेंडे खाऊन टाकले होते. एक तर पुढचे पाय भिंतीला लावून सुगडातली रोपं खात होती. हरणाबाई शेतातून आली आणि कवाडात उभी राहिली. सुलाबाई पलीकडून आली, हातात दावं, चेहऱ्यावर हळहळ.

“काय करायचं आक्का, मुकं जनावर. त्येला काय कळतंय, सवाष्णीची बाग कंची आन् रांडवेची कंची.”

हा शब्द तिनं हळू उच्चारला, पण उच्चारला. मला वाटलं, आता हरणाबाई खुरपं फेकून मारणार. तिनं शेळीचा कान धरला, तिला कवाडाबाहेर नेलं आणि दावं सुलाबाईच्या हातात दिलं.

“पोट भरलं का इचार तिला,” ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं उरलेल्या खुंटांना राख टाकली आणि कितीतरी वेळ वाफ्यापाशी बसून राहिली. मला वाटलं, यंदाचं फूल गेलं. पण भादवा लागेतो प्रत्येक खुंटाला तीन-तीन, चार-चार फांद्या फुटल्या. हरणाबाई दर वर्षी शेंडे खुडायचीच, पण जीव होत नसे म्हणून थोडेसेच. शेळ्यांना कसली दया. रोपं अशी दाट झाली की सुगडं झाकून गेली.

“बघा,” ती मला म्हणाली, “वैऱ्यानं खुडलं की झाड कसं पेटतंय.”

दरम्यान लढाई संपली होती. गावोगावचे शिपाई परत येत होते, बिगुल, कांबळी आणि विलायती साबणाच्या वड्या घेऊन. आमच्या भागातला एकही शिपाई असा नसेल की ज्याच्या दारात हरणाबाई जाऊन बसली नाही. एकानं सांगितलं, नदीकाठी बर्फात लढाई झाली, नाथाजी आदल्या दिवशी त्याच्याबरोबर चहा प्याला होता. पुढचं त्याला माहीत नव्हतं. ती ऐकून घ्यायची, उठायची, आणि घरी येऊन वाफ्यात तण काढायची. शेवंतीवर मावा पडला तर एकेक पान उलटून चिमटीनं पुसायची. एवढा वेळ मी कुणाला झाडापाशी बसलेलं पाहिलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास जोतिबाचं लग्न ठरलं. मुलगी तासगावकडची, विजयमाला नावाची, चांगल्या घरची. मुलीचा आजा अंथरुणावर होता, डोळ्यादेखत लग्न व्हावं म्हणून त्यांची घाई. दादासोचं मन मात्र खात होतं. भावाचा पत्ता नाही, वर्ष सरलेलं नाही. तो माणूस मवाळ. एका संध्याकाळी तो परड्यात येऊन हरणाबाईपुढं उभा राहिला.

“वैनी, दादाचं असं. अशात वाजंत्री लावू का नगो? तुमी थोरल्या, तुमी सांगा.”

हरणाबाई तुरकाट्या रोवून शेवंतीला आधार बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

“लावा की. दनक्यात लावा. जोतिबा माझाबी ल्योक हाय.”

तुळशीचं लग्न झालं आणि कार्तिकाच्या अखेरीला मांडव पडला. सुलाबाईनं तिला हळदीपासून, देवकापासून लांब ठेवलं. हरणाबाई गेलीच नाही. पण मुंडावळ्यांसाठी शेवंतीच्या पहिल्या फुलांची पाटी तिनं आपण होऊन पाठवली. बायका म्हणाल्या, झालं, हरणाबाई नरमली, नवरा गेल्याचं तिलाही पटलं. मला पटलं नाही. पाटी पाठवून ती वाफ्याकडं वळली तेव्हा मी तिला वर्षभरात पहिल्यांदा हसताना पाहिलं.

“मास्तरीणबाई,” ती म्हणाली, “कळी धरली.”

मग संक्रांत आली. या वेळी मीही देवळात होते.

त्या संक्रांतीचा मान विजयमालाचा. नव्या नवरीच्या पहिल्या ववशाची आमच्याकडं रीत आहे. सासू सुगडं भरून सुनेच्या हातात देते, आणि घरातली थोरली सवाष्ण तो पहिला ववसा पदरात घेते. मग बाकीच्या घेतात. मुलीची आई तासगावहून मुद्दाम आली होती, टोपलंभर तिळाचे लाडू घेऊन. सुलाबाईनं हिरवं काठापदराचं नवं लुगडं नेसलं होतं. घरातल्या थोरलीच्या जागी तिनं अंबूबाईला आणून बसवलं होतं.

हरणाबाई शेवटी आली. ताटात पाच सुगडं होती, आणि त्यांच्यावर शेवंती अशी फुललेली की ताट चालत येतंय असं वाटावं. ती खांबाशी बसली.

“अंबूआत्या, घ्या तुमी,” सुलाबाई घाईनं म्हणाली. विजयमालानं सुगड पुढं केलं.

“घ्या की आत्या,” हरणाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. “पर त्याच्या आधी सुलाला येक इचारायचं हाय. सुला, तुझा थोरला दीर जित्ता हाय का मेलाय?”

“आजच्या दिसाला काय काढलंसा, आक्का.”

“आजच काढायचं. गेल्या सालाला तू हितंच म्हनलीस, माझं बोट लागू नये. म्हंजे मेला. मग सुतक कवा धरलंस? डोई कुनी काढली? पिंड कुठल्या घाटावर ठेवला? मला तर कावळाबी दिसला न्हाई.”

सुलाबाईनं इकडं तिकडं पाहिलं. कुणी तिच्याकडं बघत नव्हतं. गेल्या साली हरणाबाईकडं कुणी बघत नव्हतं, तसंच.

“आन् मेला आसंल,” हरणाबाईचा आवाज चढला नाही, उलट आणखी शांत झाला, “तर वरीस सरायच्या आत त्येच घरात तू हळद कालवलीस. जोतिबाच्या लग्नाला मंग काय म्हनायचं? त्ये तू सांग. मी न्हाई म्हनत.”

विजयमालाची आई उठून उभी राहिली. “म्हंजे? आमाला तर सांगितलं, थोरलं लढाईवर हायती म्हनून. मयताच्या घरात दिली का काय माझी पोर?”

विजयमाला सुगड हातात धरून तशीच उभी होती. तिचे डोळे भरले होते, पण ते कुणाकडं वळवावेत हे तिला कळत नव्हतं. अंबूबाईनं आपला पदर आवरून घेतला. “माझ्या पदरात नगं घालू बाई,” ती म्हणाली. “आधी काय त्ये ठरू दे.”

आता सुलाबाईपुढं दोनच वाटा होत्या, आणि दोन्ही तिनं स्वतःच पाडलेल्या. एकीवर तिच्या मुलाचं लग्न अशुभ ठरत होतं. दुसरीवर हरणाबाई बसली होती.

“जित्तं हायती,” ती म्हणाली.

“मोठ्यानं म्हन. माघारी बसलेल्यास्नी ऐकू आलं न्हाई.”

“थोरलं भावजी जित्तं हायती.”

“मंग मी कोन?”

बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली, तिच्या घुंगरांचा आवाज लांब जाईपर्यंत सगळ्या थांबल्या.

“सवाष्ण,” सुलाबाई म्हणाली.

हरणाबाई उठली. पाचांतलं सुतळी बांधलेलं सुगड तिनं उचललं. “मंग गेल्या सालचा ववसा तुझ्याकडं राह्यलाय. माग.”

“आक्का, आता झालं की.”

“माग.”

सुलाबाईनं नव्या लुगड्याचा पदर पसरला. “द्या, आक्का.”

हरणाबाईनं लगेच दिलं नाही. आधी करंडा उघडला. कुंकू लावलं, पण बोटभर नाही. या भुवईपासून त्या भुवईपर्यंत, दाबून, दोनदा, की ते नाकावर ओघळलं. मग तिनं सुतळी सोडली. सुगड चिरेवर दुभंगलं, आणि तिनं वर्षभराची शेवंती मातीसकट, मुळासकट त्या हिरव्या पदरात रिकामी केली. ओली काळी माती काठावरून खाली गळली. सुलाबाई तो भार दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

“घे,” हरणाबाई म्हणाली. “ववसा हाय. टाकू नगंस.”

मग तिला कुणापुढं जावं लागलं नाही. लीलाबाई आपण होऊन आली, दुसरी आली, तिसरी आली. तिनं त्यांच्या पदरात फक्त फुलं खुडून घातली. अंबूबाई म्हणाली, “मलाबी माती घातली आसतीस तरी मी घेतली आसती गं.”

“तुमाला फुलंच,” हरणाबाई म्हणाली. “तुमी खाली तरी बघितलंसा.”

शेवटी ती विजयमालापुढं जाऊन उभी राहिली आणि पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. तिनं पदर पसरून मुलीचा ववसा घेतला आणि तिच्या अंबाड्यात शेवंती खोवली.

“थोरल्या आत्याबाई,” विजयमाला हळूच म्हणाली, “एवढी दाट शेवंती आमच्याकडं हुईत न्हाई. कशी करता?”

“आषाढात शेंडे खुडायचं. हात हुईत नसला तर सासूला सांग, शेळ्या सोड म्हनावं. तिला ठावं हाय.”

विजयमालाची आईच आधी हसली. मग सगळं देऊळ.

नाथाजी परत आला नाही. मेल्याचंही कधी कळलं नाही. आम्ही त्या गावात होतो तोवर हरणाबाईचं कुंकू तसंच मोठं होतं, आणि दर संक्रांतीला तिचा पहिला ववसा सुलाबाईला घ्यावा लागे. एकदा घेतलेला नंतर नाकारायचा कसा? मी एकदा विचारलं, “आता पुरे नाही का झालं?” तर म्हणाली, “मला पुरं झालंय हो. पर तिचं ऱ्हायलंय.”

खरी शिक्षा मात्र देवळात झालीच नव्हती. पदरात पडलेला ववसा टाकायचा नसतो. ती मातीमुळांची शेवंती सुलाबाईला घरी नेऊन लावावीच लागली, आणि सून बघत असल्यामुळे तिला पाणीही घालावं लागलं. त्या एका रोपाचे वर्षा-दोन वर्षांत इतके फुटवे झाले की सुलाबाईच्या मागच्या दाराला हिवाळाभर पिवळी किनार असे. शेळ्या तिनं परड्यापासून लांब, आखूड दाव्यानं बांधायला सुरुवात केली.

आषाढ लागला की हरणाबाई तिच्या परड्यातून मान उंच करून बघायची.

“सुला,” ती हाक मारायची, “माझ्या शेवंतीचं शेंडे खुडलंस का?”

पलीकडून उत्तर यायला वेळ लागायचा. पण यायचं.

“खुडते, आक्का.”